‘येथे राजकीय चर्चा करू नये’ अशी पाटी लावू का?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून त्यातला मुद्द्याचा भाग तेवढा देतो.

“घराच्या वरच्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, तासगावकडची मुलं-मुली इथे एमपीएससी आणि पोलीस भरतीचा अभ्यास करतात. त्यातली दोन मुलं एकाच गावची, एकाच डब्यात जेवणारी. चहाच्या गाड्यावर आरक्षणाचा विषय निघाला आणि दोघांचं वाजलं. मग स्टेटसवरून टोमणे सुरू झाले. आता एक दाराशी बसतो, दुसरा खिडकीशी, आणि बाकीच्यांनीही बाजू धरल्या आहेत. सासरे म्हणतात, सलूनमध्ये असते तशी ‘येथे राजकीय चर्चा करू नये’ ही पाटी लाव आणि मोकळी हो. पुण्यातला माझा भाऊ म्हणतो, पाटी नको, दर शनिवारी वादविवादाचे खेळ घे, मुलांना नीट भांडायची सवय लागेल. मला खेळाची कल्पना पटली, पण धाकधूक आहे. मुलं हसतील का? खेळातून भांडण वाढलं तर? आणि त्या दोघांना एका बाजूला घालू की समोरासमोर?”

ताई,

सलूनवाल्याच्या हातात वस्तरा असतो, त्याने ती पाटी लावावीच. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे बसणारी मुलं उद्या तलाठी, फौजदार, नायब तहसीलदार व्हायला निघाली आहेत. बांधावरून भांडणारे दोन भाऊ समोर उभे राहतील तेव्हा दोघांचं ऐकून घेणं हाच त्यांच्या पगाराचा अर्धा भाग असणार आहे. शिवाय पाटीने भांडण मिटत नाही, ते जिन्याखाली जातं, आणि तिथे तुम्ही नसता. तेव्हा सासऱ्यांना सांगा की पाटी तयार ठेवू, पण दिवाळीपर्यंत थांबू.

भावाचं म्हणणं मला मान्य आहे, एका अटीवर. ‘वादविवादाचा खेळ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कॉलेजातली स्पर्धा येते. सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात तिचं वेड मोठं आहे. मधे टेबलावर चषक, पहिली घंटा, दुसरी घंटा, आणि “सन्माननीय व्यासपीठ” म्हणून सुरू होणारं पाठ केलेलं भाषण. त्या स्पर्धांनी चांगले वक्ते घडवले, यात वाद नाही. ऐकणारे मात्र घडवले नाहीत. आपली पाळी संपली की पोरगं मागे जाऊन वडापाव खातं. तुमच्या अभ्यासिकेत बोलणाऱ्यांची टंचाई दिसत नाही, त्यामुळे ती स्पर्धा तुम्हाला उपयोगाची नाही.

उलट ती तशीच्या तशी घेतली तर तुमची भीती खरी ठरेल. २०२२ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक संशोधन आलं. युरोपातल्या आंतरराष्ट्रीय वादविवाद स्पर्धांमध्ये कुणी कुठली बाजू मांडायची हे चिठ्ठीवर ठरतं. संशोधकांनी स्पर्धकांना त्यांचं स्वतःचं मत विचारलं, तर चिठ्ठीने आलेली बाजूच त्यांना खरी वाटू लागली होती. प्रत्यक्ष वाद झाल्यावरही दोन्हीकडची मतं जवळ आली नाहीत. नुसत्या चिठ्ठीने एवढं होत असेल, तर ज्याला जी बाजू आधीच प्यारी आहे त्याला तीच देऊन माइक हातात दिल्यावर काय होईल?

म्हणून पहिला नियम: एका शनिवारी एका विषयाच्या दोन्ही बाजू प्रत्येकाने मांडायच्या. अर्धा तास इकडून, मग खुर्च्या बदलून अर्धा तास तिकडून. पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. मधल्या सात दिवसांत चिठ्ठीने आलेलं मत अंगात मुरतं.

दुसरा नियम गुणांचा. गुण तुम्ही देऊ नका, पाहुणे परीक्षक तर अजिबात बोलावू नका. गुण समोरच्याने द्यायचे. उत्तर देण्याआधी आपल्या शब्दांत त्याचा मुद्दा सांगायचा, आणि तो “हो, हेच म्हणायचं होतं मला” म्हणाला तरच एक गुण. तो म्हणाला “तसं नाही”, तर पुन्हा सांगायचं. आपले जुने शास्त्रीपंडित आधी पूर्वपक्ष मांडत, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याइतक्याच ताकदीने मांडत, आणि मगच ते खोडायला घेत. तेच इथे करायचं आहे. सुरुवातीला पोरं मुद्दाम “तसं नाही, तसं नाही” म्हणून छळतील. छळू द्या. दुसऱ्या फेरीत जागा उलटल्या की हिशेब आपोआप चुकता होतो.

हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. तमाशाच्या फडात कलगी-तुऱ्याचे सामने व्हायचे. कलगीवाले शक्तीला थोर मानायचे, तुरेवाले शिवाला, आणि रात्र रात्र सवाल-जवाब चालायचे. भाषा गोडीगुलाबीची नसायची, टोमणे तर मुक्त हस्ते. पण प्रतिपक्षाने घातलेलं कोडं सोडवल्याशिवाय शाहिराला पुढे सरकता येत नसे, आणि सोडवायचं तर ते कान देऊन ऐकावंच लागे. मला वाटतं, सभ्यपणाचा आपला हट्ट थोडा कमी केला तरी चालेल, ऐकण्याचा मात्र अजिबात सोडू नये. मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारणारच. फक्त “तुम्ही लोक” हे दोन शब्द बंद. समोर बसलेला एक माणूस आहे, त्याने त्याच्यापुरतं उत्तर द्यायचं. ते शब्द तोंडून आले की एक चिंचोका जमा.

चिंचोक्यांचं सांगायचं राहिलं. बाजारातून अर्धा किलो आणून ठेवा. प्रत्येकाला सुरुवातीला तीन द्यायचे. एकदा बोललं की एक डब्यात. तीन संपले की फेरी संपेपर्यंत गप्प. जो सगळ्यात जास्त बोलतो तो पाच मिनिटांत रिकामा होतो, आणि मग कोपऱ्यात बसलेल्या, भरतीची तयारी करणाऱ्या मुलीकडे अजून तिन्ही शिल्लक असतात. तिला कुणी “बोल गं, बोल” म्हणायची गरज पडत नाही. डाव तिच्याच हातात येतो.

आता विषय. आरक्षणापासून सुरुवात करू नका, त्याचं पुढे सांगतो. पहिल्या शनिवारी अभ्यासिकेतलंच काहीतरी घ्या. पिशवी ठेवून जागा धरून ठेवावी का? रात्री अकरानंतर पंखे किती चालवायचे? हसू येईल, पण या विषयावर प्रत्येकाला अनुभव आहे, आणि मुख्य म्हणजे निकाल तुम्ही खरोखर अमलात आणू शकता. आपण बोललो त्याने काही बदललं, हे एकदा तरी दिसलं पाहिजे. दुसऱ्या शनिवारी गावातला विषय चालेल, गणपतीतली डॉल्बी म्हणा हवं तर.

तिसऱ्यापासून मी एक खेळ सुचवतो, आणि यावर थोडा वेळ घालवणार आहे, कारण सांगलीसाठी याहून चांगला विषय मला दिसत नाही. पूर.

फरशीवर खडूने कृष्णा काढा. वर महाबळेश्वर, मग कराड, तिथे कोयना येऊन मिळते. खाली सांगली आणि आयर्विन पूल. त्याच्या खाली हरिपूरला वारणा, नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि लांब तिकडे कर्नाटकात अलमट्टी. दोन वाट्या घ्या. कोयना धरणात साधारण १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, अलमट्टीत १२३. एक चिंचोका म्हणजे पाच टीएमसी धरला तर कोयनेच्या वाटीत एकवीस, अलमट्टीच्या वाटीत पंचवीस. सुरुवातीला दोन्ही अर्ध्या भरलेल्या. फासा टाकायचा, जितके ठिपके तितका पाऊस कोयनेत. दुसरा फासा धरणाखालच्या खोऱ्यातल्या पावसाचा, तो थेट नदीत. फळ्यावर आयर्विन पुलाची पातळी लिहायची. वीस फुटांपासून सुरू करा, नदीत आलेल्या प्रत्येक चिंचोक्याला दोन फूट चढवा, आणि फेरी संपली की निम्मे चिंचोके पुढे अलमट्टीकडे सरकवून तेवढी पातळी उतरवा. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे सांगलीकराला शिकवायला नको. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं होतं.

खुर्च्या सहा. कोयनेचा अभियंता, त्याला पावसाळा संपताना वाटी भरलेली हवी, कारण वीज आणि वर्षभराचं पाणी त्यावरच. मारुती चौकातला दुकानदार. नदीकाठचा ऊसवाला, ज्याला जनावरं हलवावी लागतात. जत-आटपाडीचा शेतकरी, जो म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याकडे डोळे लावून बसला आहे आणि ज्याला पाणी ‘सोडून देणं’ हा शब्दच सहन होत नाही. अलमट्टीचा अभियंता. आणि विजयपूरकडचा कोरडवाहू शेतकरी. दर फेरीला चिंचोके हलवायच्या आधी पाच मिनिटं बोलणी. मग निर्णय ज्याच्या हातात दरवाजे आहेत त्याचा.

शेवटच्या दोन खुर्च्यांवर बसायला कुणी तयार होणार नाही. सांगलीत अलमट्टीवर वादविवाद होतच नाही, पूर अलमट्टीमुळेच येतो म्हणत सगळे एकाच बाजूला असतात. दुसऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये अलमट्टीच्या साठ्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा कर्नाटकला दिली. त्या वाढीव पाण्यावर तिकडच्या दुष्काळी तालुक्यांचा डोळा आहे. तो शेतकरी आणि जतचा शेतकरी शेजारी बसवले तर कोण कुठल्या राज्याचा ते ओळखू येणार नाही. जतच्या मुलालाच विजयपूरच्या खुर्चीवर बसवा. त्याला ती भूमिका पाठ करावी लागणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. अलमट्टीची वाटी भरली असेल तर सांगलीतलं पाणी उतरायचं थांबतं, असा नियम खेळात ठेवायचा की नाही? पूरग्रस्तांचं आणि त्यांच्या संघटनांचं म्हणणं आहे की ठेवला पाहिजे, भरलेल्या धरणाच्या पाण्याचा फुगवटा नदीतून मागे येतो. महाराष्ट्र शासनानेच नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. दोन्ही नियमांनी एकेक डाव खेळा आणि मग मुलांना या नियमावर भांडू द्या. नियम काय असावा यावर भांडताना माणूस नकळत अंतर, उंची, विसर्ग, तारखा यांच्याकडे वळतो. समोरचा कुठल्या जातीचा, कुठल्या पक्षाचा, हे विसरायला वेळ मिळतो.

असा खेळ एका वाचनालयात चालू असताना मी कोपऱ्यात बसून पाहिला आहे. २०१९ ला ज्याच्या घरात पाणी शिरलं होतं असा एक मुलगा कोयनेच्या खुर्चीवर होता. पहिल्या फेऱ्यांत फासा एक-दोनच्या वर जाईना. दुकानदार झालेली मुलगी सांगत होती, थोडं सोड, जागा कर. तो म्हणाला, “आत्ता सोडलं आणि पुढं पाऊस नाही पडला, तर हा जतवाला मला फाडून खाईल.” मग लागोपाठ दोनदा सहा पडले. वाटी भरली, सोडावंच लागलं, खालच्या फाशानेही पाच दाखवले, आणि फळ्यावर पन्नास फूट लागले. मुलगी म्हणाली, “गेलं माझं दुकान.” तो वाटीकडे बघत म्हणाला, “मग मी नेमकं कधी सोडायला पायजे होतं?” अधिकाऱ्यांना रोज शिव्या घालणाऱ्याच्या तोंडून आलेला हा प्रश्न मी आजवर कुठल्याच व्यासपीठावर ऐकलेला नाही. याचा अर्थ सगळे अधिकारी निर्दोष असा नाही. दोष कुठल्या दिवशी, कुठल्या निर्णयात होता, हे विचारता येणं ही नुसत्या शिवीपेक्षा कितीतरी जड गोष्ट आहे, एवढंच.

खेळ संपल्यावर वीस मिनिटं नुसतं बोलायला ठेवा, ती कापू नका. आंध्र प्रदेशातल्या काही गावांत ‘फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी’ आणि ‘इफ्प्री’ या संस्थांनी भूजलाचा खेळ खेळवला होता. कुणी कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं, आणि पीक जितकं पाणी पिईल तितकी सगळ्यांच्या विहिरींची पातळी खाली. तिथेही खेळानंतर गावाने बसून केलेल्या चर्चेला मोठी जागा होती. आटपाडीच्या पाणी परिषदा ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

आता आरक्षण. त्यावर चिठ्ठ्या टाकून बाजू वाटायच्या नाहीत. कधीच नाहीत. पंखा आणि डॉल्बीवर उलटी बाजू मांडणं ही गंमत आहे. पण ज्याच्या स्वतःच्या दाखल्याचा, वयोमर्यादेचा, हुकलेल्या एका मार्काचा प्रश्न आहे, त्याला उभं करून “आता तुझं दुखणं खोटं आहे असं पाच मिनिटं मांड” म्हणायचं, हा खेळ नव्हे, अपमान आहे. ज्याचं त्यात काही जात नाही तो सहज बोलून जाईल आणि टाळ्याही घेईल. हा विषय टाळू नका, पण दोन-तीन महिने जाऊ द्या आणि त्याला वेगळा साचा द्या. फळ्यावर तीन रकाने: सगळ्यांना मान्य, तपासून बघायचं, आणि मुळातच मतभेद. पहिल्या तासात फक्त प्रश्न विचारायचे आणि गोष्टी रकान्यांत टाकायच्या. इंद्रा साहनी खटला १९९२ चा आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा त्यातली. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला, २०२४ मध्ये विधिमंडळाने दहा टक्क्यांचा नवा कायदा केला. हे सगळं तुमच्या मुलांना अभ्यासक्रमात आहे, आणि तरी चहाच्या गाड्यावर यातलं निम्मं चुकीचं बोललं जातं. दुसरा रकाना भरत गेला की आवाज खाली येतात. तिसरा रकाना रिकामा होणार नाही, तो करायचाही नाही. एकमत हवंच असेल तर सासऱ्यांची पाटी आहेच.

मुलं हसतील का, म्हणता. हसतील. त्यांना “सभ्य संवाद” वगैरे सांगायला गेलात तर शनिवारी सगळे गावाला पळतील. सांगा की राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, निबंध लिहावा लागतो, दोन्ही बाजू मांडता आल्या नाहीत तर मार्क जातात, आणि पुढे मुलाखतीचं पॅनेल तर नेमकं न आवडणारंच विचारतं. यातलं काहीच खोटं नाही. मोबाइल खाली टोपलीत, कुणी चित्रीकरण करायचं नाही. उलटी बाजू मांडतानाची तीस सेकंदांची फीत बाहेर गेली की त्या मुलाचं गावात अवघड होईल.

आणि हे चाललं की महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी भावी नगरसेवक जिना चढून येईल. “ताई, फार छान उपक्रम. चषक आपल्याकडून, बॅनर पण आपणच लावू.” त्याला चहा द्या, तीन चिंचोके द्या आणि विजयपूरच्या खुर्चीवर बसवा. बसला तर माणूस कामाचा आहे.

राहिली ती दोन मुलं. त्यांना एका बाजूलाही घालू नका, समोरासमोरही नको. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोशुआ ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टँगो’ नावाचा प्रश्नमंजुषेचा खेळ तयार केला आहे. अमेरिकेतल्या दोन मोठ्या पक्षांचा एकेक समर्थक, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, दोघांची जोडी. काही प्रश्न असे की उत्तर एकाकडच्याला ठाऊक असण्याची शक्यता जास्त, काही दुसऱ्याकडच्याला, आणि गुण मात्र जोडीला. खेळल्यावर एकमेकांच्या पक्षाबद्दलची कटुता कमी झालेली आढळली, आणि खेळात पक्षीय वाद घालावाच लागला नव्हता. तुम्ही शनिवारची सुरुवात अशा जोड्यांच्या प्रश्नमंजुषेने करा. सामान्य ज्ञान, चालू घडामोडी, शिवाय शेती, क्रिकेट, गावची जत्रा, जे ज्याला येतं ते. जोड्या चिठ्ठीने पडतात असं सगळ्यांना सांगा, आणि त्या दोघांच्या चिठ्ठ्या तेवढ्या तुमच्या मुठीत ठेवा. एवढी लबाडी अभ्यासिकेच्या मालकिणीला माफ आहे. त्यांच्या वाट्याला त्यांच्याच तालुक्यावरचे दोन-तीन प्रश्न येऊ द्या, एका गावचे आहेत, कुजबुजल्याशिवाय राहणार नाहीत. तोंडाने माफी वगैरे मागायला लावू नका, आणि पुन्हा एका डब्यात जेवतात का याकडे टक लावून बघतही बसू नका. पहिल्या महिन्यात जोडी जमली नाही, तर दुसऱ्यांदा बांधू नका. मग त्यांना पुराच्या खेळात आणा: एकाला कोयनेचे दरवाजे, दुसऱ्याला मारुती चौकातलं दुकान, आणि अर्ध्या तासाने उलट.